ठिणगी की दाब? गाडी सुरू होत नसेल तर आधी काय तपासावे

जानेवारीतली पहाट आहे, पुण्यातला पारा आठ-नऊ अंशांवर उतरला आहे, आणि सोसायटीच्या वाहनतळावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एकही सुरू होत नाही, असे समजू. दोन्हींचा सेल्फ फिरतो आहे, टाकीत इंधन आहे, तरी इंजिन पकडत नाही. जाणत्या मेकॅनिकला फोन लावला, तर पेट्रोलच्या गाडीबद्दल तो विचारेल, "प्लगला करंट येतोय का?" आणि डिझेलच्या गाडीबद्दल विचारेल, "सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर निघतोय का?" लक्षण एकच असताना प्रश्न निराळे का, याचे उत्तर इंधन पेटवण्याच्या दोन रीतींत आहे. पेट्रोल इंजिनात आग बाहेरून लावावी लागते, डिझेल इंजिनात ती दाबलेल्या हवेतून आपोआप लागते. एवढा एक भेद पक्का ध्यानात ठेवला, तर काय तपासायचे, कशाला हात लावायचा नाही आणि गॅरेजात नेमके काय सांगायचे, हे बहुतेक वेळा घरीच ठरवता येते.

हवा दाबली की तापते

सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड गरम लागते, हे सायकलवरून पुणे पालथे घातलेल्या पिढीला सांगावे लागत नाही. त्या उष्णतेचा थोडा भाग घर्षणाचा असला, तरी मोठा भाग हवा दाबल्यामुळे निर्माण झालेला असतो. इंजिनातला पिस्टन हेच काम कितीतरी वेगाने आणि जोराने करतो. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर कितव्या हिश्श्याइतकी उरते, यावरून इंजिनाचे दाब-प्रमाण ठरते. पेट्रोल इंजिनात ते साधारण ९ ते १२, तर डिझेल इंजिनात साधारण १५ ते २० असते. सिलिंडरच्या भिंतींकडे जाणारी उष्णता ढोबळमानाने वजा केली, तरी २७ अंश सेल्सिअसची हवा दहाव्या हिश्श्यात दाबल्यावर ४०० अंशांच्या आसपास पोचते, आणि अठराव्या हिश्श्यात दाबल्यावर ५५० अंशांच्या जवळपास.

डिझेल इंजिनात या टप्प्यावर सिलिंडरमध्ये फक्त हवा असते, इंधन अजून आलेलेच नसते. पिस्टन वर पोचण्याच्या बेताला इंजेक्टर अत्यंत बारीक तुषारांच्या रूपात डिझेल आत फवारतो. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांना कोणत्याही ज्योतीशिवाय पेटू शकते, त्यामुळे ५५० अंशांच्या हवेत शिरल्यावर त्याला ठिणगीची गरज उरत नाही. पेट्रोल इंजिनात क्रम उलटा असतो. बहुतेक गाड्यांत पेट्रोल आणि हवा आधीच एकत्र होऊन सिलिंडरमध्ये येतात, वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणात, आणि ते मिश्रण दाबले गेल्यावर स्पार्क प्लगची ठिणगी त्याला पेटवते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी नवी इंजिने निघाली आहेत, पण त्यांनाही ठिणगी लागतेच.

येथे चौकस वाचक अडेल. पेट्रोल बाहेरच्या उष्णतेने आपोआप पेटण्याचे तापमान अडीचशे ते पावणेतीनशे अंशांच्या घरात सांगितले जाते. मग ४०० अंशांना दाबलेले मिश्रण ठिणगीच्या आधीच का पेटत नाही? शंका रास्त आहे आणि पुष्कळ पुस्तके ती टाळून पुढे जातात. प्रयोगशाळेतल्या भांड्यात इंधनाला पेट घ्यायला सवड मिळते; इंजिनात ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचीच असते. पेट्रोलचे रेणू पेट घेण्याआधी जो वेळ खातात, तो या सवडीपेक्षा अधिक असतो, आणि तेवढ्यात ठिणगी येऊन आपले काम करते. डिझेलचे रेणू लांब साखळीचे आणि चटकन तुटणारे असल्यामुळे त्यांना हा वेळ फारच कमी लागतो. पेट्रोल किती वेळ दम धरते याचे माप म्हणजे ऑक्टेन क्रमांक, आणि डिझेल किती लवकर पेट घेते याचे माप म्हणजे सीटेन क्रमांक. भारतात बीएस-६ या प्रदूषणविषयक मानकानुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ आणि डिझेलचा सीटेन किमान ५१ ठरवलेला आहे. एका इंधनाचा जो गुण, तोच दुसऱ्याचा दोष ठरतो.

कात्रजचा किंवा दिवे घाट चढताना पेट्रोलची गाडी वरच्या गिअरमध्ये रेटली, तर बॉनेटखालून खडे आपटल्यासारखा टिकटिक आवाज येतो, तो या दम सुटण्याचाच असतो. ठिणगीने लावलेली ज्योत पुढे सरकत असताना तिच्या पलीकडचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम पेट घेते. याला नॉकिंग म्हणतात. उपाय साधा आहे: लगेच खालचा गिअर टाकावा आणि अॅक्सिलरेटर थोडा सोडावा. हे वारंवार होऊ लागले, तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आणि सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन तपासून घ्यावा. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर असल्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला नॉकिंगचा त्रास उलट कमी होतो, हे त्या मिश्रणाबद्दलच्या तक्रारींच्या गलबल्यात अनेकदा राहून जाते.

पेट्रोलची गाडी: प्लग ओला की कोरडा

पेट्रोल इंजिनातही विजेची ठिणगी पहिल्यापासून नव्हती. निकोलाउस ऑटोने १८७६ साली तयार केलेल्या चार धावांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात एका सरकत्या झडपेतून जळती ज्योत आत पोचवली जाई. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९०२ साली उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो (चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करणारे यंत्र) आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार झाला, आणि मग वेगाने फिरणारी इंजिने शक्य झाली. आजच्या गाडीत बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये १५ ते ३० हजार व्होल्टपर्यंत वाढवले जातात आणि प्लगच्या टोकांमधल्या ०.६ ते १.१ मिलिमीटरच्या फटीतून उडी घेतात. ही उडी पिस्टन अगदी वर पोचण्याआधीच पडावी लागते, कारण ज्योतीला सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर एक फेरी २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. फेरीच्या ३६० अंशांपैकी ३० अंश आधी ठिणगी पडली, तर ज्योतीला जेमतेम १.७ मिलिसेकंद मिळतात. टायमिंग या शब्दाला गॅरेजात इतके वजन का आहे, ते यावरून कळेल.

आता तपासणी. येथे दुचाकी डोळ्यांसमोर ठेवली आहे. चारचाकीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसवलेली असल्यास ती उघडण्याच्या फंदात न पडलेले बरे. इंजिन थंड असताना प्लगची टोपी काढावी, भोवतालची धूळ फुंकून टाकावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते, आणि प्लगपान्याने प्लग सोडवून त्याचे टोक नीट पाहावे. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यानंतरही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोचतच नाही असे धरावे आणि टाकी, कॉक, फिल्टर, इंधनपंप या वाटेने शोध घ्यावा. प्लग ओला असून पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल येते पण पेटत नाही, म्हणजे ठिणगीचा दोष आहे. या एका निरीक्षणाने अर्धे काम होते. तेलकट ओलेपणा मात्र निराळा: तो पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याचे सांगतो. टोक फिकट कॉफीच्या रंगाचे असेल तर जळण उत्तम आहे. काजळीसारखे काळे असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि चुन्यासारखे पांढरे असेल तर पेट्रोल कमी जात आहे किंवा प्लग फार तापतो आहे.

ओला प्लग पुसून, सुकवून आणि काजळी बारीक पॉलिश पेपरने काढून पुन्हा बसवावा. प्लग इरिडियमचा असेल तर घासू नये, कारण त्याचे टोक सुईसारखे नाजूक असते. ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत खोचून इंजिनाच्या धातूला टेकवून सेल्फ मारण्याची रीत सर्रास आहे, आणि ती उपयोगीही आहे, परंतु प्लगच्या भोकातून त्याच वेळी पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. त्यामुळे प्लग भोकापासून दूर धरावा, उघड्या बोटांनी धरू नये, आणि शक्य असेल तर स्पार्क टेस्टर वापरावा. ठिणगी निळसर-पांढरी आणि चटचट आवाज करणारी असावी. मंद लालसर ठिणगी दाबलेल्या मिश्रणात टिकत नाही. पावसाळ्यात, विशेषतः रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत, प्लगच्या टोपीत शिरलेला ओलावा हे सर्वांत सामान्य कारण असते. टोपी कोरड्या फडक्याने पुसून उन्हात वाळवली, की पुष्कळ गाड्या निमूटपणे सुरू होतात.

इंधन-इंजेक्शनच्या पुष्कळ चारचाक्यांत प्लग भिजले असतील, तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यास इंजेक्टर बंद राहतात आणि नुसती हवा जाऊन प्लग सुकतात. प्रत्येक प्रयत्नात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये.

डिझेलची गाडी: धूर आहे की नाही

रुडॉल्फ डिझेलने आपल्या कल्पनेचे पेटंट १८९२ साली मागितले आणि १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पुण्यात ही विद्या रुजली ती खडकीत; १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या नावाने शेतावरचे डिझेल इंजिन घरोघरी ओळखले जाऊ लागले. त्या काळच्या हँडल मारून सुरू करायच्या संथ इंजिनात डिझेलचे तत्त्व सर्वांत स्वच्छ दिसते. त्याला बॅटरी नसते, कॉइल नसते, प्लग नसतो. डोक्यावरची छोटी दांडी उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, म्हणजे हवा दाबली जात नाही आणि हँडल हलके फिरते. जड फ्लायव्हीलने वेग घेतला की दांडी सोडायची, व्हॉल्व्ह बंद होतो, हवा दाबली जाते, तापते, आणि पहिला "धक्" ऐकू येतो. विजेचा कणही न वापरता आग लागते.

आजच्या कॉमन रेल गाडीला (हिच्यात सर्व इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, उच्च दाबाचे डिझेल मिळते) इंजेक्टर उघडण्यासाठी वीज लागते, परंतु पेटवण्याचे काम आजही दाबच करतो. म्हणून डिझेल गाडी सुरू होत नसेल, तर शोध दोनच गोष्टींचा घ्यायचा: डिझेल पोचते का, आणि हवा पुरेशी तापते का. मेकॅनिकचा धुराचा प्रश्न याच दोन वाटा वेगळ्या करतो. सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत असेल, तर डिझेल आत जाते आहे पण न जळता बाहेर पडते आहे, म्हणजे उष्णता कमी पडते. धूर मुळीच नसेल, तर डिझेलच पोचलेले नाही.

उष्णता कमी पडण्याची कारणे क्रमाने पाहावीत. पहिले कारण हिटर प्लग. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबावे. थंडीत चावी एकदा बंद करून पुन्हा फिरवावी, म्हणजे प्लगांना दुसरी संधी मिळते. हिटर प्लग हा डिझेलचा स्पार्क प्लग आहे, असा समज रूढ आहे आणि तो चुकीचा आहे. त्याचे टोक लालबुंद तापून थंड सिलिंडरला आधार देते, एवढेच. इंजिन तापल्यावर त्याची गरज राहत नाही. दुसरे कारण सेल्फचा मंद वेग. बॅटरी अशक्त असेल तर पिस्टन रेंगाळत वर येतो, तेवढ्या वेळात हवेची उष्णता थंड भिंती शोषून घेतात आणि थोडी हवा रिंगांच्या फटीतून निसटते. पेट्रोलची गाडी अशा मंद फिरण्यावरही कदाचित सुरू होईल, डिझेलची होणार नाही. तिसरे कारण झिजलेल्या रिंगा किंवा गळके व्हॉल्व्ह, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कॉम्प्रेशन जाणे. ते गेजने मोजावे लागते आणि ते काम गॅरेजचे आहे.

धूर नसेल तर फिल्टरकडे वळावे. डिझेलच्या नळीत हवा शिरली, की पंप डिझेलऐवजी ती लवचीक हवाच दाबत बसतो. याला एअर घेणे म्हणतात. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबावा. फिल्टरखाली पाणी साठण्याची वाटी असल्यास तिचा स्क्रू सैल करून पाणी काढून टाकावे आणि नळ्यांचे क्लिप ओलसर आहेत का ते पाहावे. माझ्या गाडीला एका हिवाळ्यात हाच त्रास झाला होता. एका गॅरेजात बॅटरी बदलली, दुसऱ्या खेपेला हिटर प्लग बदलले, आणि अखेर दोष निघाला फिल्टरच्या सैल क्लिपमध्ये. धूर निघत नाही ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, पण तिचा अर्थ ठाऊक नसल्याने कोणाला सांगितली नव्हती.

रेलपासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या धातूच्या नळ्यांना मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये. त्यांतला दाब १६०० ते २००० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तितक्याच पटीपर्यंत जातो, आणि गळतीतून उडणारी केसासारखी धार त्वचा भेदून आत शिरते. दुखले नाही तरी अशी जखम तातडीने शस्त्रक्रियेची असते. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची किंवा ईथरचा फवारा मारण्याची जुनी रीतही हिटर प्लग असलेल्या इंजिनात धोक्याची आहे, कारण ईथर लाल टोकाला लागून वेळेआधीच भडकतो.

गार डिझेल इंजिनाची सकाळची खडखड हा बिघाड नव्हे. डिझेल फवारल्यापासून पेट घेईपर्यंत काही अवधी जातो, गार हवेत तो लांबतो, तेवढ्यात साठलेले डिझेल एकदम जळते आणि तो आवाज होतो. नव्या गाड्यांत मुख्य फवाऱ्याआधी चिमूटभर डिझेल सोडून तो मऊ केलेला असतो.

चुकीचे इंधन भरले गेल्यास

पंपावर बोलण्याच्या नादात हे घडते. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले गेले, तर नुकसान मोठे असते: दाबाने पेटण्याची तयारी पेट्रोलमध्ये फारच कमी, आणि डिझेलचा तेलकटपणा नसल्यामुळे उच्च दाबाचा पंप कोरडा घासला जाऊन त्याची धातूची पूड इंजेक्टरपर्यंत पोचते. पेट्रोलच्या गाडीत डिझेल गेले, तर ते नीट वाफ होत नाही, प्लग काजळतात आणि गाडी धूर सोडत बंद पडते. पुष्कळदा टाकी, नळ्या आणि प्लग साफ करून भागते. दोन्ही बाबतींत चावीसुद्धा फिरवू नये, कारण अनेक गाड्यांत चावी फिरवताच विजेचा पंप इंधन पुढे ढकलू लागतो. गाडी ढकलत बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी.

जाता जाता, पुण्याच्या पीएमपीच्या सीएनजी बसगाड्या आकाराने डिझेल बससारख्या दिसल्या तरी पेटवण्याच्या बाबतीत त्या पेट्रोलच्या कुळातल्या आहेत. मिथेन वायू ५०० अंशांच्या वर गेल्याशिवाय आपणहून पेटत नाही, म्हणून डिझेल इंजिनाचे सीएनजी इंजिन करताना दाब-प्रमाण कमी करून इंजेक्टरच्या जागी स्पार्क प्लग बसवतात. सीएनजी रिक्षा बंद पडली, तर तपासणी प्लगपासूनच सुरू करावी.

पाण्यात बुडालेली गाडी

२०२४ च्या जुलैत मुठेचे पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतील वाहनतळांत शिरले, तशी वेळ आली तर सेल्फ मारण्याचा मोह आवरावा. पाणी दाबले जात नाही. ५०० घनसेंटिमीटरच्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन वर आल्यावर दाब-प्रमाण १० असलेल्या पेट्रोल इंजिनात सुमारे ५५ मिलिलिटर जागा उरते. दाब-प्रमाण १८ असलेल्या डिझेल इंजिनात सुमारे २९ मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. त्याहून अधिक पाणी आत गेले असेल, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टोइंग करूनच न्यावी. आधी प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढावे लागते.

डिझेल इंजिन चावी काढूनही थांबत नसेल तर

पेट्रोल इंजिन ठिणगी तोडली की थांबते. डिझेल इंजिन थांबवायचे तर इंधन तोडावे लागते. जुन्या गाड्यांत त्यासाठी ओढायची घुंडी असे. टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) सील फाटून इंजिन ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जाऊ लागले, तर इंजिनाला फुकटचे इंधन मिळते, ते दाबाने आपोआप पेटते, वेग वाढत जातो, दाट धूर सुटतो आणि चावी काढून काहीही होत नाही. असे क्वचितच घडते. अशा वेळी साध्या गिअरच्या गाडीत ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबते. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालत नाही. तेथे सर्वांनी उतरून दूर जावे. हवेचे तोंड हाताने किंवा फडक्याने झाकायला जाऊ नये, कारण ते ओढून घेतले जाते. इंजिन थांबल्यावर ऑइलची पातळी आणि टर्बो तपासल्याशिवाय गाडी पुन्हा सुरू करू नये.